ड्वॉनमध्ये सगळ्यात उंच चवड माझी, तरी डाव का जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं त्झार हा सोंगट्यांच्या चवड्यांचा, दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ खेळून तुम्ही त्याच जातीच्या ड्वॉनकडे वळलात. डाव निम्म्यावर येतो तोवर पटाच्या मधोमध तुमची आठ-नऊ सोंगट्यांची चवड उभी असते. समोरच्याकडे तीन-चार बुटक्या चवड्या. तरीही शेवटी मोजताना तोच पुढे, आणि कधी तर तुमची चवड मोजायला उरतच नाही. चूक नेमकी कुठे होते?

खोड त्झारची आहे. दोन्ही खेळ क्रिस बर्म या बेल्जियन खेळकर्त्याचेच, ड्वॉन २००१ चा आणि त्झार २००७ चा, त्यामुळे एकातली जाण दुसऱ्यात चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण त्झारमध्ये उंची म्हणजे निव्वळ ताकद. आपल्याहून उंच चवडीला हात लावता येत नाही, आणि चवड कितीही वाढली तरी तिचं चालणं तेच राहतं. ड्वॉनमध्ये एकटी सोंगटीसुद्धा दहाच्या चवडीवर चढून बसू शकते. शिवाय जितकी उंची तितकीच घरं जायचं, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. म्हणजे तिथे जी ढाल होती, ती इथे पायातली बेडी होते. तुम्ही गेली दोन वर्षं ज्या सवयीवर डाव जिंकलात, तीच आता नडते आहे.

नियम तुम्हाला माहीत आहेत, पण पुढचं बोलणं त्यांच्यावरच उभं असल्यामुळे एकदा उजळणी करतो. पट ४९ घरांचा, पाच ओळींत ९, १०, ११, १०, ९ असा. पांढऱ्या २३, काळ्या २३ आणि लाल ३. या लाल सोंगट्याच ड्वॉन. आधी सगळा पट भरायचा, मग चढवाचढवी सुरू. ज्याचा रंग वर, त्याची चवड. चाल सरळ रेषेत, सहापैकी कुठल्याही दिशेला, चवडीच्या उंचीइतकी. मधली घरं भरलेली असोत की रिकामी, काही बिघडत नाही, पण उतरायचं ते भरलेल्या घरावरच. सहाही बाजूंनी वेढलेली सोंगटी किंवा चवड हलत नाही. प्रत्येक खेळीनंतर ज्यांचा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या साखळीने लालशी संबंध उरला नसेल ते सगळे पटाबाहेर जातात. चाल असेल तर ती करावीच लागते, नसेल तरच पाळी सोडायची. दोघांच्याही चाली संपल्या की आपापल्या चवड्या एकावर एक रचायच्या आणि ज्याची उंच तो जिंकला.

हा शेवटचा नियमच नवख्याला फसवतो. मोजणी उंचीची, म्हणून तो पहिल्या खेळीपासून उंची करायला लागतो.

आता पटाकडे जरा गणिताच्या नजरेने बघा. ओळी पाचच आहेत. म्हणजे तिरप्या रेषेवर जास्तीत जास्त पाच घरं, आणि तिरपी चाल जास्तीत जास्त चार घरांची. चवड पाचची झाली की तिच्या सहापैकी चार दिशा कायमच्या बंद. उरलं फक्त डावीकडे नाहीतर उजवीकडे. चारची चवड तिरपी जाऊ शकते, पण फक्त वरच्या कडेच्या ओळीतून खालच्या कडेच्या ओळीत किंवा उलट. तिनाची चवड मधल्या ओळीत असेल तर तिलाही तिरपं जाता येत नाही, कारण तिथून वर दोनच ओळी आणि खाली दोनच. तुम्हाला मधोमध चवड उभारायला आवडते ना? मधल्या ओळीत चवड तीनची झाली त्या क्षणी तिच्यापुढे जास्तीत जास्त दोन घरं उरतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. ती दोन्ही रिकामी असली की ती चवड म्हणजे खांब.

त्यात अगदी मधलं घर, अकरापैकी सहावं, हे तर सगळ्यात वाईट. तिथून दोन्ही बाजूंना पाचच घरं आहेत. सहाची चवड तिथे उभी राहिली की डाव संपेपर्यंत ती जागची हलणार नाही. नवख्यांच्या निम्म्या चवड्या मी याच घरात गाडलेल्या पाहिल्या आहेत.

एक अगदी छोटी स्थिती मांडतो, पट काढून स्वतः मांडून बघा. सगळा खेळ मधल्या ओळीत उरलाय, बाकी पट रिकामा. डावीकडून मोजत सहाव्या घरात पांढऱ्याची चवड, सातव्यात काळ्याची एकटी सोंगटी, आठव्यात एकटी लाल, नवव्यात काळ्याची आणखी एक एकटी. पाळी पांढऱ्याची. पांढऱ्याची चवड किती उंच असलेली बरी?

तुमचं उत्तर असेल, जितकी उंच तितकी चांगली. चला, सहाची धरू. सहा घरं जायला पटच नाही, म्हणून पांढऱ्याला पाळी सोडावी लागते. समजा, काळा सातव्या घरातली सोंगटी उचलून आठव्यातल्या लालवर ठेवतो. सातवं घर रिकामं झालं, पांढऱ्याच्या चवडीचा लालशी संबंध तुटला, आणि सहाच्या सहा सोंगट्या पटाबाहेर. मग काळा नवव्या घरातलीही आठव्यात चढवतो. निकाल ३–०. पाचची चवड असती तर? ती पहिल्या किंवा अकराव्या घरात जाऊ शकली असती, पण दोन्ही रिकामी. चारचीही तीच गत, दुसरं आणि दहावं रिकामं. म्हणजे चार, पाच, सहा, तिन्हींचा निकाल ३–० काळ्याच्या बाजूने.

आता तिनाची करा. सहाव्यातून तीन घरं उडी मारून ती नवव्या घरातल्या काळ्या सोंगटीवर बसते, चारची होते. काळ्याकडे एकच सोंगटी उरली, सातव्यातली, आणि तिला एकच चाल आहे, लालवर. ती केली की त्याची दोनची चवड आठव्या घरात. पांढरी चवड शेजारीच आहे, पण दोनच्या चवडीला शेजारी उतरता येत नाही, तिला दोन घरं जायला हवं. कुणालाच चाल नाही. डाव संपला, पांढरा ४–२ ने जिंकला. सहा सोंगट्या असून शून्य, आणि तीन असून जीत.

पण लगेच ‘मग तीन हा जादूचा आकडा’ असं समजू नका. दोनची चवड घ्या. तिला एकच चाल, सहाव्यातून आठव्यातल्या लालवर. पाळी सोडायची मुभा नाही, जावंच लागतं. गेली की दोन्ही बाजूंना काळ्या एकट्या सोंगट्या टपलेल्या. एक वर चढते, मग दुसरी. निकाल ५–०, काळ्याकडे. आणि एकटी सोंगटी असेल तर? ती सातव्यावर चढते, काळा नवव्यातून लालवर येतो, दोघांकडे दोन-दोन, कुणाला चाल नाही. बरोबरी.

एकच स्थिती, बदलली ती फक्त उंची, आणि निकाल असे (आधी पांढऱ्याचा आकडा): एकला २–२, दोनला ०–५, तीनला ४–२, त्यापुढे ०–३. या खेळात उंचीला स्वतःची किंमत नसते. ती किती घरांवर, कुणाच्या डोक्यावर नेऊन उतरवते, त्याला किंमत असते. उंची मोजायची ती डाव संपल्यावर. डाव चालू असताना मोजायच्या त्या चाली.

चाली मोजणं म्हणजे काय, ते जरा खोलात सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. सुरुवातीला पट पूर्ण भरलेला असतो. आतली २५ घरं वेढलेली, म्हणून तिथल्या सोंगट्या अडकलेल्या. हलू शकतात त्या फक्त कडेच्या २४ घरांतल्या, आणि त्यातही लाल एकटी असेल तर ती कुणाचीच नाही, तिला कुणी हलवत नाही. तुम्ही कडेची एक सोंगटी आत नेलीत की ते घर रिकामं होतं आणि त्याच्या शेजारच्या आतल्या सोंगट्या मोकळ्या होतात. त्या कुणाच्या आहेत? मी नवख्यांना हाच प्रश्न प्रत्येक खेळीआधी विचारायला लावतो. समोरच्याच्या दोन सोंगट्या मोकळ्या करून स्वतः एक पकडली, तर तो सौदा तोट्याचा आहे, दिसताना फायद्याचा दिसला तरी.

दुसरा हिशोब आपलीच आपल्यावर चढवण्याचा. समोरच्याच्या सोंगटीवर चढलात तर तुमची मोजणी एकाने वाढते, त्याची एकाने घटते, आणि तुमच्या हलणाऱ्या तुकड्यांची संख्या तीच राहते. आपली सोंगटी आपल्याच सोंगटीवर चढवलीत तर मोजणी तितकीच राहते, पण फिरणारा तुकडा एक कमी होतो. म्हणजे घरातलंच घरात ठेवून एक हात गमावला. तुम्ही आठची चवड कशी उभारता ते तुमच्या वर्णनावरून दिसतंच आहे, तिच्यातल्या चार-पाच तरी तुमच्याच असणार. तेवढ्या खेळी समोरच्याला फुकट मिळाल्या.

मग आपलीच आपल्यावर चढवायचीच नाही? तसं नाही. तोडायला चढवावी. तुमची सोंगटी समोरच्याच्या चवडीला लालशी जोडणारा एकमेव दुवा असेल, तर ती उचलून कुठेही ठेवा, भले आपल्याच डोक्यावर, मोबदला मोठा आहे. लालपासून लांब, पटाच्या टोकाला पडलेल्या सोंगट्या आत आणायलाही चढवावी लागते, नाहीतर त्या गळून पडतील. आणि उंची जुळवायला चढवावी. तीन घरांवर समोरच्याची जाडजूड चवड उभी आहे, तुमच्याकडे दोनची आहे, आणि शेजारी तुमचीच एकटी मोकळी आहे. एकटी दोनवर चढवली की तीन झाली, आता ती चवड तुमच्या टप्प्यात आली. समोरच्याच्या हे लक्षात आलं तर तो हलवेल, नाही आलं तर डाव तुमचा. मुरलेले खेळाडू एकमेकांच्या चवडींची उंची पाहतात ती ताकद म्हणून नाही. त्यांना पाहायचं असतं की ही इथून कुठल्या घरावर झेप घेईल. ‘दोनची आहे, म्हणजे दोन घरांवरचे सगळे धोक्यात, शेजारचे सुरक्षित.’ अगदी उंच चवडीच्या शेजारी उभं राहणं ही या खेळातली सगळ्यात निर्धास्त जागा आहे, हे पचायला वेळ लागतो.

इथे एक गंमत. चवड रचण्याचे जे जुने खेळ आहेत, त्यांतही उंचीला लगाम घातलेलाच आहे, फक्त प्रत्येकाने तो वेगळा घातला. बुद्धिबळाचा जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याने १९११ मध्ये लास्का हा खेळ आणला. त्यात मारलेली सोंगटी तुमच्या सोंगटीखाली कैद होते, पण वरची सोंगटी कुणी मारली की खालचे कैदी सुटतात. उंच चवडीत वर आपली एकच आणि खाली सगळे शत्रू, म्हणजे ज्वालामुखीवर घर. सिड सॅक्सनच्या फोकसमध्ये चवड पाचच्या वर जाऊच देत नाहीत, जास्तीच्या सोंगट्या तळातून काढून घेतात. ड्वॉनमध्ये मर्यादा कुठेच लिहिलेली नाही, पटाची लांबी-रुंदीच ती घालते. चवडीच्या पोटात कुठला रंग आहे याला इथे काही अर्थ नाही, अपवाद फक्त लालचा.

आता लालबद्दल. तुमच्या चवड्या गायब होतात त्या इथे. ज्या चवडीच्या पोटात लाल आहे ती कधीच तुटत नाही, ती स्वतःच लालशी जोडलेली असते. तिला धोका फक्त कुणी वर चढण्याचा. ज्या चवडीत लाल नाही, तिचं आयुष्य शेजाऱ्यांच्या हातात. मी शिकत होतो तेव्हा एकदा अकरा सोंगट्यांची चवड रचली होती. अकराची चवड या पटावर कुठल्याही घरातून हलू शकत नाही, हे तेव्हा मला सुचलंही नव्हतं. शेजारी लाल होती, म्हणून मी निवांत. समोरच्याची तिनाची चवड येऊन त्या लालवर बसली. बसू दे म्हटलं, माझी चवड तर जोडलेलीच आहे. पुढच्या पाळीला ती चारची झालेली चवड लाल पोटात घेऊन चार घरं लांब निघून गेली, आणि माझ्या अकरा सोंगट्या मी स्वतःच्या हाताने पटावरून उचलल्या. दोन मिनिटं मी नुसता पटाकडे बघत बसलो होतो.

तेव्हापासून कुठलीही चवड चारच्या पुढे नेण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. हिच्या लालपर्यंतच्या वाटेवर समोरच्याची हलू शकणारी सोंगटी आहे का, आणि असेल तर दुसरी वाट आहे का. दोन वेगळ्या वाटा असतील तर एका खेळीत दोन्ही तुटणं अवघड. एकच वाट असेल आणि ती समोरच्याच्या ताब्यात, तर ती चवड माझी नाहीच, असं धरून चालतो.

एकट्या लालवर झडप घालायची घाई मात्र करू नका. लाल घेतलेली चवड तुटत नाही हे खरं, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. वर चढणारा लालही घेतो आणि तुमच्या सोंगट्याही. टप्प्यात समोरच्याचं कुणी नसेल, किंवा चढला तर लगेच परत चढायला तुमची सोंगटी योग्य अंतरावर असेल, तरच.

मांडणीबद्दल फार लिहीत नाही, तुमचं दुखणं तिथलं नाही. तरी एवढं लक्षात असू द्या. पहिली सोंगटी पांढरा ठेवतो आणि लाल आधी ठेवायच्या असतात, त्यामुळे दोन लाल पांढऱ्याच्या हातून पडतात, एक काळ्याच्या. शेवटची सोंगटी पुन्हा पांढऱ्याची, आणि चढवाचढवीची पहिली खेळीही त्याचीच. काळ्याने खेळताना कडेची घरं जरा जास्त मिळवण्याकडे कल ठेवा, हलणारे हात तिथेच असतात. तिन्ही लाल एका बाजूला गेल्या असतील तर दुसऱ्या टोकाच्या सोंगट्या लवकर गळणार हे गृहीत धरा आणि तिथे आपल्या कमी टाका. बुद्धिबळातल्यासारखी मध्याची ओढ इथे आवरायला हवी.

शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र सविस्तर, कारण तिथेच तुमचे डाव जातात. एक वेळ अशी येते की पटावर दहा-बारा तुकडे उरलेले असतात आणि दोघांपैकी एकाच्या चाली आधी संपतात. ज्याच्या संपल्या तो पाळी सोडत बसतो आणि दुसरा ओळीने तीन-चार खेळी करतो, एकेक चवड गोळा करत, नको ते दुवे तोडत. ही शेवटची लयलूट कुणाच्या वाट्याला येणार, हेच खरं तर डावाच्या मध्यावर ठरत असतं. म्हणून राखीव चाली जपा. राखीव चाल म्हणजे अशी चाल जी केल्याने तुमचं काही बिघडत नाही आणि समोरचा ती हिरावूही शकत नाही. कोपऱ्यातल्या तुमच्या दोन एकट्या सोंगट्या शेजारी-शेजारी, लालशी पक्क्या जोडलेल्या, आसपास समोरच्याचं कुणी नाही: ही एक राखीव चाल. ती लगेच खर्च करू नका. तुम्ही ‘हात मोकळा आहे’ म्हणून ती पाचव्या मिनिटाला करून टाकता, आणि शेवटी जेव्हा समोरच्याला चाल करायला भाग पाडायचं असतं, तेव्हा तुम्हालाच वाईट चाल करावी लागते.

उलट बाजूनेही हेच शस्त्र आहे. समोरच्याकडे एकच चाल उरली आहे आणि ती केल्याने त्याचीच चवड तुटते, असं दिसलं की तुम्ही फक्त एक बिनधोक चाल शोधायची. बाकीचं काम नियम करतो. वर दोनच्या चवडीचं जे झालं तेच. तिला थांबायची मुभा नव्हती, जावंच लागलं.

एक सराव सुचवतो. पुढचे पाच-सहा डाव असे खेळा की तिनापेक्षा उंच चवड मुद्दाम करायची नाही, नाइलाज झाला तरच. हराल, पण हरताना पटावर तुमच्या चाली शिल्लक दिसतील, आणि कुठल्या खेळीला चौथी सोंगटी चढवायला हवी होती तेही दिसेल. त्यानंतर बंधन सोडा. जोडीला प्रत्येक डावात मध्यावर एकदा थांबून दोघांच्या चाली बोटांवर मोजा, सोंगट्या नाही. माझ्या अनुभवात ज्याच्या चाली जास्त, तो सोंगट्यांनी थोडा मागे असला तरी बहुतेक वेळा जिंकतो.

आणि ती चार घरांची स्थिती पुन्हा मांडा, या वेळी पहिली पाळी काळ्याला द्या. पांढऱ्याची चवड तिनाची असली तरी काय होतं ते बघा. मग काळ्याची सातव्या घरातली सोंगटी काढून तिथे पांढऱ्याची एकटी ठेवा आणि पुन्हा एक ते सहा उंची लावून बघा. पाळी दोघांना आळीपाळीने देऊन बारा छोटे डाव होतील, अर्ध्या तासाचं काम आहे. अडलात तर कुठल्या उंचीला अडलात तेवढं कळवा.